मी माणूस आहे, हे कुणाला सांगायचं?

कुत्र्याला आपण कुत्रा असल्याची पाटी गळ्यात अडकवावी लागत नाही. बैलालाही लागत नाही. ही पाळी माणसावरच आली. 1968 साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात कचरा उचलणारे काळे कामगार रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या हातातल्या पाट्यांवर चार शब्द होते. आय अ‍ॅम अ मॅन. मी माणूस आहे. पगाराचा आकडा नाही, पुढाऱ्याचं नाव नाही, घोषणेला यमकसुद्धा नाही. 'अ‍ॅम' या शब्दाखाली मात्र रेघ ओढलेली. म्हणजे जोर 'आहे'वर.

त्या पाटीमागं काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर नुसत्या शब्दांवर बोलणं म्हणजे पंडिती होईल. 1 फेब्रुवारी 1968. पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या पोटात शिरले. कचरा दाबणारं यंत्र बिघडलेलं होतं. ते चालू झालं आणि ही दोन माणसं कचऱ्यासारखी दाबली गेली. त्याच सुमाराला पावसामुळं काळ्या कामगारांना बिनपगारी घरी धाडलं होतं आणि गोऱ्यांचा पगार चालू ठेवला होता. 12 फेब्रुवारीला तेराशे कामगारांनी काम थांबवलं. दिवसभर राबून ज्यांना घर चालवायला सरकारी मदत घ्यावी लागत होती अशी ही माणसं. महापौर हेन्री लोब म्हणाला, संपच बेकायदा आहे. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्या पाठीशी उभे राहायला त्या शहरात आले आणि 4 एप्रिलला तिथंच गोळी लागून गेले. 16 एप्रिलला तडजोड झाली. युनियनला मान्यता मिळाली, पगार थोडा वाढला.

वीस वर्षांनी, 1988 साली, ग्लेन लायगन या काळ्या चित्रकारानं ती पाटी कॅनव्हासवर रंगवली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 1960 साली जन्मलेला हा माणूस. पांढऱ्यावर काळी अक्षरं, तीच रेघ, चाळीस इंच उंच आणि पंचवीस इंच रुंद. माणूस काढला नाही, मोर्चा काढला नाही. फक्त शब्द. पुढं 2011 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं त्याचं सगळं काम 'अमेरिका' नावानं एकत्र मांडलं आणि 2012 साली हे 'आय अ‍ॅम अ मॅन' वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीनं आपल्याकडं घेतलं. मी यातलं काहीच प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. व्हिटनीचं प्रदर्शन भरलं तेव्हा मी शाळेत होतो, आणि न्यूयॉर्क आजही तेवढंच लांब आहे. चित्रांचे फोटो पाहिले. त्यावर जे लिहिलंय ते डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. पण प्रश्न माझ्या ओळखीचा निघाला म्हणून लिहितोय. आपल्याला दिलेल्या भाषेत आपण स्वतःला पाहतो, तेव्हा तिथं कोण दिसतं?

मेम्फिसच्या पाटीवरचा 'मॅन' हा 'बॉय'ला दिलेला जबाब होता. काळा माणूस साठीला आला, नातवंडं झाली, तरी गोरा त्याला 'बॉय' म्हणणार. पोरा, इकडं ये. आपल्याकडं असल्या वेगळ्या शब्दाची गरज नव्हती. आपली भाषा काटकसरी. नावाला एक 'या' चिकटवला की काम भागतं. रामाचा राम्या, सटवाचा सटव्या, भिकाचा भिक्या. पाटलाच्या दहा वर्षांच्या पोरानं आज्याच्या वयाच्या माणसाला 'ए राम्या' म्हणायचं आणि त्यानं कमरेत वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचं. व्याकरणाच्या पुस्तकात 'रे' हे संबोधन असतं. गावात ते माप असतं. नेहमी 'रे' ऐकलेल्या माणसाची मान कशी राहते ते जुने फोटो असतील तर बघा. कॅमेऱ्याकडंसुद्धा सरळ बघत नाहीत. भाषा अशी अंगात शिरते, आतून.

म्हणून मला 'जय भीम' हे दोन शब्द कवितेपेक्षा मोठे वाटतात. कामठीच्या बाबू हरदासांनी ते रूढ केले असं मानतात. जोहाराला उत्तर जोहार नसायचं. वरून हुंकार यायचा, नाहीतर काम सांगितलं जायचं. 'जय भीम'ला उत्तर 'जय भीम'. तेच दोन शब्द, तेवढेच, तुझेही आणि माझेही. यात वर कोण आणि खाली कोण हे भाषेलाच सांगता येत नाही.

लायगनची दुसरी चित्रं आहेत ती दारांवर. खरीखुरी दारं, माणसाच्या उंचीची, पांढरी. त्यांवर अक्षरं कापलेला पत्रा धरून काळ्या रंगानं एकच वाक्य पुन्हा पुन्हा, वरपासून खालपर्यंत. 1990 च्या एका दारावर झोरा नील हर्स्टन या लेखिकेच्या 1928 च्या निबंधातलं वाक्य आहे. हर्स्टनबाई फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या सगळ्या काळ्यांच्याच गावात वाढल्या. त्यांचं म्हणणं साधारण असं, की आपला रंग आपल्याला घरी जाणवत नाही, पांढऱ्याच्या पुढ्यात नेऊन टाकलं की जाणवतो. हे वाक्य दाराच्या वरच्या बाजूला स्वच्छ वाचता येतं. खाली येता येता पत्र्याला लागलेला रंग पसरतो, अक्षरं एकमेकांत घुसतात आणि तळाशी नुसता काळा चिखल राहतो.

मला यात आपली शाळा दिसली. वस्तीत असताना पोराला जात नसते. तिथं सगळेच आपले. शाळेत हजेरी घेताना आडनावावर मास्तर थांबतो, "कुठल्या आळीतला रे?" विचारतो, आणि त्या दिवसापासून पोराला कळतं की आपल्याला एक पार्श्वभूमी आहे. मग ते वाक्य रोज. शिष्यवृत्तीच्या रांगेत, भाड्याची खोली शोधताना, लग्नाच्या पंगतीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते स्पष्ट वाचता आलं होतं, म्हणजे कुणीतरी दुसरा ते म्हणतोय हे कळत होतं. हजाराव्या वेळी वाचता येत नाही. तो चिखल आपलाच रंग वाटायला लागतो. बाबूराव बागुलांच्या 1963 च्या कथासंग्रहाचं नावच 'जेव्हा मी जात चोरली होती' असं आहे. चोरली! ज्याच्यावर लादली त्यानंच चोर व्हायचं. एवढ्या एका क्रियापदात सगळा कायदा आला.

अमेरिकेतल्या डुबॉइस यांनी 1903 सालीच हे मांडलं होतं, की काळा माणूस स्वतःकडं स्वतःच्या डोळ्यांनी बघत नाही, त्याला तुच्छ लेखणाऱ्या जगाच्या डोळ्यांनी बघतो, आणि एकाच अंगात दोघं राहतात. याच डुबॉइसना बाबासाहेबांनी 1946 साली पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंनी युनोकडं केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या, कारण आपल्यासाठीही तोच रस्ता धरावा असं त्यांच्या मनात होतं. तेव्हा हा सांधा आपण 1972 ला पँथर नाव घेतलं तिथूनच सुरू झाला असं कुणी समजू नये.

आता मुख्य भांडण. आमच्या इथले कंत्राटी सफाई कामगार मोर्चा काढणार होते. पाटीवर काय लिहायचं यावर आमच्या मंडळात रात्रभर वाद झाला. मी लायगनचं चित्र दाखवलं आणि म्हणालो, "आम्ही माणूस आहोत" लिहू. एक दोस्त उसळलाच. म्हणाला, "हा अर्ज आहे, घोषणा नाही. मी माणूस आहे असं ज्याला सांगतोस त्याला तू जज्ज केलास. तो उद्या म्हणेल, पुरावा आण. माणूस आहे हे काय सिद्ध करायची गोष्ट आहे? पैसे मागा, हातमोजे मागा, मशीन मागा."

दोस्ताच्या बोलण्यात दम आहे. 'मी माणूस आहे' हे वाक्य आरशापुढं म्हणालो तर तो दिलासा आहे, आणि मालकापुढं हात जोडून म्हणालो तर भीक आहे. पण मेम्फिसच्या लोकांनी ते कधी म्हटलं? काम बंद करून म्हटलं. कचरा रस्त्यावर साचत होता, समोर संगिनी लावलेल्या बंदुका होत्या आणि तेराशे माणसं रांगेत होती. खरं वाक्य तो संप होता. पाटी ही त्या वाक्याखालची रेघ.

आणि आपल्याकडं महाड आहे. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर लोक गेले ते तहान लागली म्हणून नव्हे. त्या पाण्यावाचून कुणी मरत नव्हतं. इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे ठरवायला गेलो, असं बाबासाहेबांनी त्याच वर्षी तिथंच सांगितलं. तिथं कुणाच्या हातात पाटी नव्हती. हात पाण्यात होता. समोरच्याला विचारलं नाही, त्याच्या उत्तराची वाट बघितली नाही, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. 'आहे' हे क्रियापद असं चालवायचं असतं. हे एकदा धरलं की दोस्ताचा आक्षेप सुटतो. मी माणूस आहे हे मी मालकाला कळवत नाही. माझ्या शेजारी उभा आहे त्याला सांगतो, तो मला सांगतो, आणि मालकाच्या कानावर पडलं तर पडलं. एकट्याच्या तोंडी ते टिकत नाही.

इथंच मला लायगनवर थोडा राग पण आहे. पाटी भिंतीवर गेली, शंभर दिव्यांच्या उजेडात, आणि खालचा संप काढून घेतला. तिथं येणारा गोरा हात मागं बांधून बघतो आणि पुढच्या दालनात जातो. मेम्फिसच्या त्या पाटीवाल्या माणसाला यात काय मिळालं? त्या मोर्चाचा सगळ्यात गाजलेला फोटो एर्नेस्ट विदर्स या काळ्या फोटोग्राफरनं काढला, आणि 2010 साली बाहेर आलं की हाच विदर्स अमेरिकन गुप्तचर खात्याला चळवळीच्या बातम्या पुरवत होता. आयला, म्हणजे ज्या डोळ्यानं ती पाटी जगाला दाखवली तोच डोळा खबऱ्याचा. चित्र, फोटो, कविता यांच्यावर फार भोळा विश्वास ठेवू नये तो यासाठी.

पण लायगननं एक प्रामाणिक गोष्ट केली. ते 1988 चं चित्र त्याचा जाड रंग वाळून तडकायला लागलं. 2000 साली त्यानं काय केलं, तर चित्रांची डागडुजी करणाऱ्या तज्ज्ञाकडून त्याची तपासणी करून घेतली. कुठं बारीक भेग आहे, कुठं डाग, कुठं बोट लागलंय, हे त्या तज्ज्ञानं चित्राच्या छापील प्रतीवर खुणा करून लिहिलं, आणि लायगननं तीच कागदपत्रं शेजारी एक कोरी प्रत ठेवून कलाकृती म्हणून मांडली. 'कंडिशन रिपोर्ट'. गिरणीत रिंगफ्रेमची अवस्था लिहितात तसा. मी माणूस आहे या वाक्याची आजची अवस्था काय, इथं इथं तडा गेलाय. आपल्याकडं आपण वाक्यांना हार घालतो, तडे मोजत नाही. 1956 च्या 22 प्रतिज्ञा भिंतीवर लावणाऱ्या घरात हुंडा घेतला जातो, त्याचा रिपोर्ट कोण लिहिणार?

त्या 'मॅन'मध्येही एक तडा आहेच. इंग्रजीत मॅन म्हणजे माणूस आणि मॅन म्हणजे पुरुष. मराठीत आपण सुटलो असं वाटतं, पण सभेला 'दहा माणसं पाठवा' म्हणतात तेव्हा दहा गडी येतात, आणि चहा करायला 'बायका' येतात. मोठा शब्द नेहमी कुणाला तरी बाहेर ठेवून मोठा झालेला असतो. मुंबईच्या गिरण्यांमध्ये 'कामगार' शब्द असाच होता. लूमवर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि अस्पृश्याची थुंकी लागेल म्हणून त्याला विणाई खात्यात घेत नसत. पगार तिथंच बरा. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला तेव्हा 'जगातल्या कामगारांनो' म्हणणाऱ्यांची फार अडचण झाली.

लायगनचं आणखी एक काम, 1993 चं, 'रनअवेज'. मालकाच्या तावडीतून पळालेल्या गुलामांच्या पूर्वी जाहिराती निघायच्या. उंची अमुक, अंगावर कपडे तमुक. यानं आपल्या मित्रांना सांगितलं, मी हरवलोय असं समजा आणि पोलिसांना माझं वर्णन द्या. कशासाठी ते सांगितलं नाही. दहा वर्णनं आली, ती त्यानं जुन्या जाहिरातींच्या साच्यात छापली. प्रेमाच्या माणसांनी केलेलं वर्णन, पण साचा शिकाऱ्याचा. आणि दहाही लायगन वेगवेगळे.

आपली जाहिरात तहसील कचेरीत निघते. जातीचा दाखला. पडताळणी समितीपुढं 1950 च्या आधीचा पुरावा ठेवून मी तोच आहे हे सिद्ध करायचं, जो नसण्यासाठी आजा 1956 ला नागपूरला गेला होता. त्यानं ते नाव टाकलं म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या, त्या बौद्धांना परत मिळायला 1990 साल उजाडलं. कागदावर आपण अजून 'नवबौद्ध'. किती वर्षं नवं राहायचं? 1938 साली मुंबई कायदेमंडळात आपल्याला 'हरिजन' हे नाव कायद्यानं चिकटवायला निघाले तेव्हा बाबासाहेब आणि भाऊराव गायकवाड यांनी विरोध केला आणि आपले लोक सभात्याग करून बाहेर पडले. 2018 साली सरकारनं प्रसारमाध्यमांना कळवलं की 'दलित' शब्द वापरू नका. ज्या वर्षी आपण स्वतःसाठी शब्द निवडतो त्या वर्षी त्यांना त्याची अडचण होते, हे लक्षात ठेवा. दाखला मी काढला, हक्क आहे, सोडणार नाही. पण तो घरी आणून आरशाच्या जागी लावायचा नाही.

आरसा म्हटल्यावर आपल्या लिहिण्याकडं यावं लागतं. एका मोठ्या शहरातल्या एका नियतकालिकाला मी कविता पाठवली होती. रिंगफ्रेमवरची. तिसरी पाळी, तुटलेला धागा सांधणारी बोटं, छातीत जाणारा कापूस. उत्तर आलं की भाषा नेटकी आहे, पण तुमच्या समाजाची धग येत नाही. शिव्या, मेलेलं ढोर, असं काही घालता आलं तर जरूर विचार करू. म्हणजे आमची जखम कुठं असावी हे पण त्यांनी ठरवलेलं. मी ती कविता तशीच ठेवली आहे आणि याच अंकात छापली आहे.

शिवीला माझा विरोध नाही. ढसाळांनी 1972 साली 'गोलपिठा'त ती भाषा आणली ती कुणाच्या मागणीवरून नव्हे, उलट तोंड फिरवणाऱ्यांच्या तोंडावर आणली. पण पन्नास वर्षांत तोंड फिरवणारेच गिऱ्हाईक झाले. आता तेच मागतात. मग आपण लिहितो ते आपल्या डोळ्यांनी, की त्यांच्या? दया पवारांनी 1978 च्या 'बलुतं'मध्ये हे आधीच पकडलं होतं. तिथं दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच अंगातले दोघं, एक गावातला आणि एक पुस्तकातला. सांगणारा कोण, ऐकणारा कोण, हे त्यांनी लपवलं नाही. आपल्यातले बरेच जण दगडूला गप्प करून दयालाच बोलू देतात, किंवा वाचकाला दगडू आवडतो म्हणून त्याला रोज फाटके कपडे घालून उभा करतात. दोन्हीत दगडूला कुणी विचारत नाही.

लायगन पुढं कोळशाच्या भुकटीनं चित्रं करू लागला. बाल्डविनच्या 1953 च्या एका निबंधातली अक्षरं, वर कोळसा. शब्द आहेत, चमकतात पण, वाचता मात्र येत नाहीत. मला ही चित्रं सगळ्यात जवळची वाटतात. तू म्हणतोस तसं मी तुला समजणार नाही, असं ती बघणाऱ्याला सांगतात. समजून घेण्याचा हक्क पण प्रत्येकाला फुकट का द्यायचा?

तर पाटी. इंग्रजीत गटाराच्या तोंडाला मॅनहोल म्हणतात. माणसाचं भोक. 2013 साली कायदा झाला, 2014 साली सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरी दहा लाख द्यायला सांगितलं, 2023 साली तीस लाख केले, आणि त्याच वर्षीच्या बजेटमध्ये मॅनहोलचं मशीनहोल करू म्हणाले. शब्द बदलायला वेळ लागत नाही. आमच्या वादात पहाटे झाडूवाल्या मावशी कामाला निघताना डोकावल्या. दोस्तानं त्यांना दोन्ही पाट्या वाचून दाखवल्या, माणूसवाली आणि हातमोज्यांची. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दोन्ही लिवा. पन माझ्या पाटीवर माझं नाव लिव. बापाचं, आडनावाचं, समदं. कंत्राटदाराच्या वहीत नऊ वर्सं झाली, नुसतं 'बाई 14' हाय."

मग आम्ही प्रत्येकाला नाव विचारत बसलो. बासष्ट पाट्या झाल्या. तीन जणींची आडनावं कशी लिहायची ते त्यांनाही नक्की माहीत नव्हतं, त्यांची पोरं शाळेतून आल्यावर विचारून लिहिली.